शेणकिडा छाप

काळ्या मातीचं कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत. मातीचा वास, मातीची माया, मातीशी नाळ. असली वाक्यं लिहिणाऱ्याला धरून आणावं, पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कापसात उभं करावं आणि म्हणावं, चला, एक ओळ कोळपून दाखवा. पुन्हा जन्मात नाळेचं नाव काढणार नाही.

आमचं रान कुंभार पिंपळगावच्या शिवेला लागून. भारी जमीन. भारी म्हणजे काय, ते पावसाळ्यात कळायचं. रस्त्यापासून विहिरीपर्यंत जाईस्तोवर चपलेखाली चिखलाची दुसरी चप्पल तयार व्हायची, तिच्याखाली तिसरी, आणि वैतागून चपला हातात घेतल्या की तीच माती पायांना लगडायची. अशा जमिनीत कापूस जोमानं येतो हे खरं आहे. पण कापसाच्या आधी गवत जोमानं येतं, हे कुणी लिहीत नाही.

गवत काढायला कोळपं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कापसाच्या दोन ओळींमधून बैल ओढत नेतात ते हे छोटं औत. त्याच्या तळाशी लोखंडाची आडवी पट्टी असते, तिला पास म्हणतात. ती मातीच्या आत दोन-चार बोटं सरकते आणि गवताची मुळं कापत जाते. मोकळ्या मातीत हे काम बघत राहावं इतकं देखणं होतं. ओल्या मातीत मात्र पासेवर चिखल बसतो, त्या चिखलावर आणखी चिखल बसतो आणि बघता बघता पासेच्या जागी एक भलंमोठं ढेकूळ तयार होतं. मग औत गवत कापत नाही, नुसतं वरून घसरतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैल थांबवायचे, औत आडवं करायचे आणि कमरेला खोचलेली खरडायची काठी काढायचे. हातभर बांबू, टोकाला लोखंडाची चपटी पट्टी ठोकलेली. खरड खरड खरडायचे, पुन्हा चालायचे, पुन्हा थांबायचे.

शहाणी माणसं म्हणतील, वापसा येईपर्यंत थांबावं. माती हाताला न चिकटता मोकळी होते तो वापसा. पण श्रावणात झड लागली की वापसा यायचा कुठून? आणि गवताला कोण सांगणार थांबायला?

एक्क्याऐंशी साली मी दहा वर्षांची होते. कोळप्याच्या मागून माय आणि मी खुरपं घेऊन बसत सरकत जायचो. औतानं जे सोडलं ते आम्ही उपटायचं. म्हणजे सगळं साधं होतं. अण्णांच्या पासेला जेवढी माती चिकटायची, तेवढी माझ्या मायच्या कमरेतून निघायची. अण्णा उभ्यानं खरडायचे, आम्ही वाकून. दिवस मावळायला माय बांधावर हात टेकून उठायची आणि सरळ व्हायला तिला वेळ लागायचा. पुढं पुढं ती पुरती सरळ व्हायचीच नाही. मला त्या चिखलाचा राग तेव्हापासून आहे. माझं सगळं शिक्षण ह्या रागावर झालं. त्याला कुणी जिज्ञासा म्हटलं की मी दुरुस्त करते.

शेणकिडा मला तिथंच भेटला. बैलाच्या ओल्या शेणातून आणि त्याच्याखालच्या चिखलातून तो वर आला, माझ्या खुरप्याच्या शेजारी. माझे हात कोपरापर्यंत माखलेले, खुरपं माखलेलं, परकर माखलेला. आणि हा पठ्ठ्या काळाभोर, चकचकीत, तेल लावून भांग पाडून लग्नाला निघाल्यासारखा. मला इतका संताप आला की मी त्याला काडीनं पुन्हा चिखलात दाबलं. थोड्या वेळानं तो दुसरीकडून बाहेर आला, तसाच स्वच्छ. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेवटी मी त्याला भाकरीच्या डब्यात घालून घरी नेलं. मायनं तो डबा कायमचा जनावरांच्या पेंडीला दिला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. पण मला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं. चिखल सगळ्यांना चिकटत नाही. आम्हालाच चिकटतो.

मी औरंगाबादला इंजिनीअर झाले. पुढं त्याच कॉलेजात एम. ई. करताना विषय मागितला तेव्हा मार्गदर्शक सरांपुढं मी शेणकिडा ठेवला, कागदात गुंडाळून आणलेला खराखुरा. सर दचकले, पण नाही म्हणाले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं डोकं पाहिलं तेव्हा मी जागची हलले नाही. वरून आरशासारखं दिसणारं ते डोकं गुळगुळीत नव्हतंच. त्याच्यावर बारीक बारीक उंचवटे होते, जवळजवळ, आणि त्यांच्यावर मेणासारखा निसरडा थर. चिखल टेकायचा तो फक्त उंचवट्यांच्या माथ्यावर. मधल्या फटींमधे हवा आणि पाणी. चिखलाला धरायला जागाच नाही. आम्ही मात्र पिढ्यान् पिढ्या पास घासून घासून सपाट करत होतो, आणि सपाट, ओल्या लोखंडाला ती माती जीव लावल्यासारखी बिलगत होती.

मी पत्र्यावर तुरीच्या डाळीएवढे उंचवटे दाबून काढले. वर निसरडा लेप चढवला, भट्टीत भाजला. पिंपळगावहून पोत्यात भरून आणलेल्या मातीत तो ओढून पाहिला. माती सुटली. शोधनिबंध लिहिला, छापून आला, सरांनी पेढे वाटले. मग म्हणाले, छान काम झालं, आता पुण्याला चांगली नोकरी बघ. मी विचारलं, आणि पास? ते म्हणाले, पास कसली? तुझा निबंध झाला ना. मला त्यांचा राग आला आणि तो मी लपवला नाही. निबंध कोळप्याला जुंपता येत नाही, असं काहीतरी बोलून मी बाहेर पडले.

ह्याच सुमारास घरी मला बघायला लोक येत होते. मायनं पढवून ठेवलं होतं की विचारलं तर सांग, पदार्थविज्ञानात संशोधन केलं. परतूरकडचे पाहुणे होते, माणसं भली होती. मुलाच्या काकांनी विचारलं, नेमकं कशात केलं म्हणायचं? मी सांगितलं, शेणकिड्यात. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मुलगा हसला असता तर मी कदाचित लग्न केलं असतं. तो हसला नाही, त्यानं रुमाल काढून नाकाला लावला.

पुण्याला मी गेले नाही. नवीन जालन्यात आले. आधी एका लोखंडाच्या कारखान्यात नोकरी केली, मग औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. दाबयंत्र, भट्टी आणि मी. पोट भरायला पहिलं काम मिळालं ते डाळीच्या गिरणीचं. तिथं बेसन ज्या घसरणीतून खाली यायचं तिथं ते दमट हवेत अडकून बसायचं आणि एक माणूस दिवसभर लाकडी मोगरीनं ती घसरण बडवत उभा असायचा. मी आतून माझा उंचवट्यांचा पत्रा बसवून दिला. मोगरी बंद झाली, त्या माणसाला मालकानं दुसऱ्या कामाला लावलं. मग बियाणं कंपन्यांच्या यंत्रांना, सरकी पेंडीच्या घसरणींना असे पत्रे बसवत मी गावभर फिरले. लोक मला पत्रेवाल्या मॅडम म्हणायला लागले. काम चालत होतं. पण ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ती पास अजून शेतात गेली नव्हती.

ती नेली एका शेठजींनी. मारवाडी जैन घर, आजोबा राजस्थानातून आलेले, औतं-अवजारांचं जुनं दुकान. माणूस गोड बोलणारा, पण व्यवहाराला पक्का. माझी पास त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, उंचवट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले की एक हंगाम दुकानात पुढं मांडतो, चालली तर तुमची माझी गाडी पुढं, नाही चालली तर पुन्हा माझ्या पायरीवर पास आणायची नाही. मला मान्य होतं. भांडण झालं ते नावावरून.

शेठजींना छाप हवा होता तो हत्तीचा, नाहीतर सूर्याचा, नाहीतर कमळाचा. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणजे अर्थही जुळतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कमळाला पाणी कळतं, काळी माती कळत नाही. ज्याच्याकडून शिकले त्याचाच छाप बसेल.

"ताई, माल बराबर आहे," ते कानाला हात लावून म्हणाले, "पण बोहनीच्या टायमाला गिऱ्हाईक शेणकिडा मागणार, आणि मी गादीवर बसून शेणकिडा देणार. हे बिलकुल शोभत नाही."

मी म्हटलं, हातभर चिखलात बसून माझी माय शोभते का? त्यांनी कानावरचा हात काढला. पासेवर शेणकिडा उमटला.

पहिली पास मी अण्णांना दिली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली, आणि पारावर नेऊन सगळ्यांना दाखवली. लेकीनं कारखान्यात केलेली पास. त्या वर्षी पेरण्या वेळेवर झाल्या, पाऊस मनासारखा लागला, कोळपण्या सुरू झाल्या. मी रोज शेठजींच्या दुकानात चक्कर टाकायची, कुणी काही म्हणतंय का बघायला.

आणि पासा परत यायला लागल्या. कुणी पिशवीत घालून, कुणी सायकलला बांधून. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. ही तर साध्या पासेसारखीच चिकटते. एका म्हाताऱ्यानं तर गादीवरच आपटली. मी ती उचलली आणि उलटून पाहिली. तिच्यावर एकही उंचवटा नव्हता. लेप नव्हता. लोखंड सपाट, काळंनिळं, धार मात्र सुरेख काढलेली. शेणकिडासुद्धा अर्धा पुसला गेला होता.

मी विचारलं, हिला काय केलं?

"काय केलं म्हंजे?" तो म्हणाला. "लोहाराकडून शेवटून आणली. नवी पास शेवटल्याबिगर कोन लावतं व्हय? अन् लोखंडाला तुमच्या फोड आल्ते बाई. त्यानं ठोकून बराबर करून दिले, वरचा पैसा बी न्हाई घेतला."

हंगामाच्या तोंडावर पास भात्यावर लाल करायची, ठोकायची, धार पातळ करून घ्यायची, ह्याला आमच्याकडं शेवटणं म्हणतात. नवी असली तरी. विशेषतः नवी असली तर, कारण दुकानातल्या धारेवर कुणाचाच भरवसा नसतो. माझा लेप भात्यात धूर होऊन गेला होता आणि तुरीच्या डाळी हातोड्याखाली भुईसपाट झाल्या होत्या. जिल्हाभर, प्रेमानं, फुकटात.

लोक अजून मला विचारतात की शेतकऱ्याची पोर असून हे कसं सुचलं नाही. मी त्यांना सांगते, पास शेवटायला बायका जात नाहीत. लोहाराचा भाता हा पुरुषांचा अड्डा. तिथं बिडी चालते, राजकारण चालतं, कुणाची सोयरीक कुठं मोडली ते कळतं. आम्हाला पास दिसायची ती एकदम शेतात, चिखलाखाली. ज्या गोष्टी आम्हाला कधी बघू दिल्या नाहीत त्या आम्हाला ठाऊक नाहीत म्हणून आम्हालाच ऐकवायचं, हे मी ऐकून घेत नाही.

त्या आठवड्यात मी गावी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पारावर मिरवलेली पास त्यांनीही लोहाराकडं नेली होती, सगळ्यात आधी, सगळ्यात अभिमानानं. फोड आलेलं लोखंड लेकीनं बापाला दिलं, असं गाव त्यांच्या तोंडावर म्हणत होतं. मी समजावायला लागले, तर ते उठून गोठ्यात गेले. माय तेवढी म्हणाली की भाकरी खाऊन जा.

शेठजी दिलेल्या शब्दाला जागले. दुकानातून पासा उतरवल्या. तरी जाता जाता सुचवलं की पुढच्या खेपेला वर ठळक अक्षरात छापा, तापवू नये. सरांना भेटले तर ते म्हणाले, शेतकऱ्यांचं प्रबोधन केलं पाहिजे, शिबिरं घ्या. आणि पुण्याच्या एका प्लास्टिक कारखान्याचे साहेब मोटारीतून माझ्या शेडवर आले. गिरण्यांच्या घसरणींचं काम त्यांना हवं होतं, माझ्यासकट. पगार, घर, प्रयोगशाळा, सगळं देणार होते. अट एकच, ही पास सोडायची. ते हसून म्हणाले की तुमच्या मालात खोट नाही मॅडम, तुमचं गिऱ्हाईक चुकीचं आहे.

माझं गिऱ्हाईक. म्हणजे माझा बाप. म्हणजे कोळप्यामागं बसत सरकणारी माझी माय. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेडमधे एकटी बसून रडले, ते दुःखानं नव्हे, रागानं. प्रत्येक जण मला सांगत होता की शेतकरी बदल. पास बदल, असं कुणी म्हणत नव्हतं. लोखंड तर माझ्या हातात होतं.

मग मी भात्यावर जाऊन बसायला लागले. आमच्या गावच्या, शेजारच्या गावच्या. बिड्या विझायच्या, गप्पा थांबायच्या, माणसं घसा खाकरायची. मी बसून राहायची. आमचा लोहार आधी माझ्याशीच भांडला की असलं फोडाचं लोखंड बाजारात आणताच कसं. मीही भांडले. भांडून झाल्यावर तो आपल्या कामाला लागला आणि मी बघत राहिले. त्याला हवी असायची ती फक्त धार. खालची बोट-दीड बोट पट्टी. तेवढीच झिजते, तेवढीच ठोकावी लागते. वरचा भाग तो तापवायचा कारण तो धारेला जोडलेला होता, एवढंच. आणि चिखल बसतो तो धारेवर नव्हे, धार मातीत चालत राहते. बसतो तो वरच्या भागावर.

मी शेडवर आले आणि पासेचे दोन तुकडे केले. खाली साध्या लोखंडाची धार, दोन बोल्टांवर बसणारी. ती काढा, खुशाल भात्यावर न्या, लाल करा, ठोका, आयुष्यभर शेवटत बसा. वर माझा उंचवट्यांचा पत्रा, लेप दिलेला, कोळप्याला कायमचा जोडलेला. तो भात्यापर्यंत जाणारच नाही. तापवू नये असं कुठं लिहावं लागलं नाही आणि कुणाचं प्रबोधनही करावं लागलं नाही.

शेठजींची पायरी बंद होती, तेव्हा मीच विकायला बसले. परतूरच्या आठवडी बाजारात, बैलांच्या दोरखंडांच्या आणि घुंगरांच्या दुकानांमधे, पोतं अंथरून. पुढ्यात एक घमेलं, त्यात भिजवलेली काळी माती. एका हातात जुनी पास, दुसऱ्या हातात नवी. बुडवायची, वर काढायची. जुनी चिखलाचा गोळा घेऊन यायची, नवी आली तशी. इंजिनीअर बाई चिखलात हात घालून बसलीय म्हटल्यावर माणसं जमायचीच. एकानं कमरेवर हात ठेवून विचारलं, चिखल इकून राह्यली का बाई? मी म्हटलं, चिखल फुकट हाय, पास इकून राह्यले. लोक हसले. हसणाऱ्यांतल्या दोघांनी घेतली. मागच्या वर्षीचं विसरलेलं कुणी नव्हतं. फोडाची पास आली, असं मोठ्यानं म्हणून पुढं जाणारे पुष्कळ होते. मी त्यांच्या पाठीवर ऐकू जाईल असं म्हणायची, फोडाचीच हाय, या बघायला.

अण्णांना मी ही दोन तुकड्यांची नवी पास पोचती केली होती. ती त्यांनी गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवली. जुन्या, सपाट पासेनंच त्यांनी पहिली कोळपणी केली. गाव पुन्हा हसलं तर, ही भीती त्यांना गवतापेक्षा मोठी होती. मला त्यांची कीवही यायची आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटायचं.

त्या श्रावणात झड लागली. पाऊस थांबायचा, ऊन पडल्यासारखं व्हायचं, पुन्हा भुरभुर. गवत कापसाच्या कमरेला आलं. मजूर मिळेनात, कारण सगळ्यांच्याच रानात तेच. मी बैलपोळ्याच्या आधी गावी गेले होते. सकाळी जरा उघडीप होती. अण्णांनी बैल सोडले, जुनं कोळपं घेतलं, काठी कमरेला खोचली. नेहमीसारखं मायकडं न बघता म्हणाले, चल.

माय ओट्यावर बसलेली होती. खुरपं तिच्या शेजारी होतं. ती उठली नाही.

"आज मी खुरपं हातात घेनार न्हाई," ती म्हणाली. "खुंटीची पास लावा. न्हाई लावायची तर गवत तुमचं तुमी उपटा."

माझ्या आठवणीत मायनं अण्णांना कधी नाही म्हटलं नव्हतं. आवाज चढवला नव्हता, रडली नव्हती. पाठ भिंतीला टेकवून बसली होती, इतकंच. अण्णा बैलांच्या कासऱ्याशी उभे. लोक काय म्हणतील, असं काहीतरी ते पुटपुटले. माय म्हणाली, लोकायची कंबर हाय का माझी? मंग लोकायचं काय इचारता.

अण्णा गोठ्यात गेले. पास मीच बसवून दिली. 

रानात माती अशी होती की पाय टाकला की घोट्यापर्यंत. अण्णांनी बैल हाकले. मी बांधावर उभी होते आणि मला भीती वाटत होती, हे मी सांगून टाकते. गिरण्यांचे मालक, पुण्याचे साहेब, आठवडी बाजार, कुणासमोर ती वाटली नव्हती. कोळपं गवतात शिरलं. नेहमी जिथं थांबायचे तिथं अण्णा थांबले, सवयीनं. औत आडवं केलं. कमरेची काठी काढली. आणि काठी हातात धरून ते वाकून बघत राहिले. पत्र्यावर थोडं पाणी होतं, गवताची दोन-चार पाती होती. खरडायला काही नव्हतं. त्यांनी तरी काठी एकदा फिरवली. उंचवट्यांवरून तिचा खरखर आवाज आला. मग त्यांनी औत सरळ केलं आणि न थांबता बांधापर्यंत गेले, वळले, दुसऱ्या ओळीनं परत आले. मागं गवत कापून आडवं पडलेलं होतं.

माय आमच्या मागून कधी आली ते कळलं नाही. खुरपं तिनं आणलंच नव्हतं. ती कोळपलेल्या ओळीतून चालत आली, उभ्यानं, जमेल तेवढी ताठ. आयुष्यभर ज्या ओळी तिनं बसून सरकत पाहिल्या त्या ती वरून बघत होती. 

अण्णा आमच्याजवळ येऊन थांबले. काठी अजून हातातच होती. पुन्हा कमरेला खोचावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मायनं हात पुढं केला.

"द्या इकडं," ती म्हणाली. "पोरीच्या आंघोळीला पानी तापवायचं हाय."

त्यांनी दिली. संध्याकाळी मायनं ती चुलीत घातली, बांबू फटफट वाजत जळला, आणि त्या पाण्यानं मी आंघोळ केली. घोट्यापर्यंतचा चिखल निघाला.

बाजारातला खप ऐकून पुढच्या हंगामात शेठजींनी आपणहून निरोप धाडला. आता त्यांच्या गादीवर गिऱ्हाईक सकाळी सकाळी येतं आणि शेणकिडा मागतं. शेठजी बोहनीला शेणकिडा देतात. नाव बदला असं ते अजून अधूनमधून म्हणतात, मी अजून नाही म्हणते.